टूर्नामेंट पोकरमध्ये सलग हार होत असेल तर तपासणी कुठून सुरू करावी

लक्षणे

मराठवाड्यातून गोव्याला टूर्नामेंट खेळायला जाणारे जे खेळाडू आपली अडचण घेऊन माझ्याकडे येतात, त्यांची तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. कित्येक महिने एकाही स्पर्धेत बक्षिसाच्या जागेपर्यंत मजल गेलेली नसते, आणि गेलीच तर बाय-इन (स्पर्धेत उतरण्यासाठी भरलेली रक्कम) जेमतेम परत मिळण्याइतकी असते. मोठी जोडी हातात आली की ती मोडते, आणि बबल, म्हणजे बक्षिसाच्या जागा सुरू होण्याच्या ऐन आधीचा टप्पा, जवळ आला की स्टॅक, म्हणजे आपल्याकडच्या चिपांचा साठा, हळूहळू वितळत जातो. काही काळाने याच्या जोडीला दुसरी लक्षणे दिसू लागतात. खेळाडू गोव्याच्या दर फेरीला शैली बदलतो, म्हणजे एका वेळी अति सावध खेळतो आणि पुढच्या वेळी मिळेल त्या पानांवर ऑल-इन जातो, म्हणजे सगळ्या चिपा पणाला लावतो. बाद झाल्याबरोबर तो री-एंट्रीची, म्हणजे पुन्हा पैसे भरून त्याच स्पर्धेत उतरण्याची, पावती फाडतो. हरलेल्या हातांच्या कहाण्या त्याला तोंडपाठ असतात, पण बाद होताना ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांना पाळीपाळीने भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिपा) किती होते आणि आपल्याकडे किती शिल्लक होते, हे विचारले तर त्याला सांगता येत नाही. घरी विचारले तर गेलेल्या पैशांचा आकडा तो कमी करून सांगतो.

ही लक्षणे एकत्र दिसत असली तरी त्यांच्या मुळाशी तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली म्हणजे या खेळात अटळ असलेला चढउतार, दुसरी म्हणजे खेळातला खरा दोष, आणि तिसरी म्हणजे पैशाची किंवा मनाची विस्कटलेली घडी. बहुतेक जण उपायाची सुरुवात सर्वांत महागड्या टोकाकडून करतात. कोणी शिकवणीला पैसे भरतो, कोणी नुकसान भरून काढण्यासाठी एकदम मोठ्या बाय-इनच्या स्पर्धेत उतरतो. मी नेहमी उलट क्रमाने जातो, कारण पहिल्या दोन तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही आणि निम्म्याहून अधिक तक्रारींचे उत्तर तिथेच सापडते.

त्याआधी खेळ कुठे चालू आहे हे स्वतःला विचारावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि देशातल्या मोठ्या पोकर ॲपनी पैशांचे खेळ बंद केले. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही लागू आहे. तुमची हार परदेशी संकेतस्थळावर किंवा एखाद्या खोलीत रात्री चालणाऱ्या टेबलावर होत असेल, तर पुढची कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही. तिथे पत्ते नीट वाटले जातात याची हमी नसते आणि जिंकलेले पैसे मिळाले नाहीत तर दाद मागायला जागा नसते. तो खेळ आजच थांबवावा. यापुढचे सर्व लिखाण पणजीला मांडवीतल्या बोटींवर किंवा तिथल्या हॉटेलांतल्या परवानाधारक कॅसिनोंत होणाऱ्या स्पर्धांना धरून आहे.

पहिली तपासणी: हार खरोखर लांबली आहे का

टूर्नामेंटमध्ये साधारणपणे दहा ते पंधरा टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळते, आणि त्या रकमेचा मोठा भाग पहिल्या तीन जागांकडे जातो. याचा अर्थ असा की चांगला खेळाडूही बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. एखादा खेळाडू १५ टक्के स्पर्धांत बक्षिसापर्यंत पोचतो असे धरले, तर त्याच्या कोणत्याही सलग १० स्पर्धा कोऱ्या जाण्याची शक्यता जवळपास २० टक्के असते. सलग २० कोऱ्या जाण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे. हा आकडा लहान वाटतो, परंतु असाच खेळाडू १०० स्पर्धा खेळला तर त्यांत कुठे ना कुठे अशी वीसची रांग दिसण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. ज्याला आपण आयुष्यातला सर्वांत वाईट काळ म्हणतो, तो पाच नियमित खेळाडूंपैकी दोघांच्या वाट्याला नुसत्या गणिताने येतो.

ऑल-इनचेही तेच आहे. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध सुमारे ८२ टक्के वेळा जिंकते, आणि मोठी जोडी लहान जोडीविरुद्ध साधारण ८० टक्के. समोरच्याचा स्टॅक आपल्याहून मोठा असताना एका स्पर्धेत तीन वेळा असे ८० टक्क्यांचे ऑल-इन जावे लागले, तर तिन्ही वेळा वाचण्याची शक्यता ५१ टक्केच उरते. तीनही वेळा उत्तम निर्णय घेऊनही जवळपास निम्म्या वेळा माणूस बाहेर पडतो, आणि यात त्याचा काही दोष नसतो.

म्हणून सर्वप्रथम गेल्या वर्षभरातल्या स्पर्धा मोजाव्यात. मराठवाड्यातून वर्षातून तीन-चार वेळा गोव्याला जाणाऱ्या माणसाच्या खात्यात वर्षाला वीस-पंचवीस स्पर्धा असतात. एवढ्या संख्येवरून तुम्ही चांगले खेळता की वाईट, हे कोणालाही सांगता येणार नाही. संख्या इतकी लहान असेल तर खेळण्याची पद्धत बदलू नये आणि फक्त पुढच्या तपासण्या कराव्यात.

दुसरी तपासणी: शरीर आणि वेळ

या तपासणीलाही पैसे लागत नाहीत, आणि आपल्या भागातल्या खेळाडूंच्या बाबतीत ती फार वेळा खरी ठरते. लातूरहून किंवा नांदेडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सोलापूर-कोल्हापूरमार्गे निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी अंग आंबलेल्या अवस्थेत पोचतो, दुपारी टेबलावर बसतो, आणि स्पर्धा रंगात येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. टूर्नामेंटचे सर्वांत महागडे निर्णय शेवटच्या दोन-तीन तासांत घ्यावे लागतात, म्हणजे नेमके त्या वेळी, जेव्हा हा माणूस दीड दिवस नीट झोपलेला नसतो. कॅसिनोच्या प्रवेशातच पुष्कळदा जेवण आणि दारू धरलेली असते, आणि पैसे भरलेच आहेत तर वसूल करू, या विचाराने घेतलेले दोन पेग रात्री बबलवर चुकीचा कॉल (समोरच्याने लावल्या तेवढ्या चिपा लावणे) करवतात.

आपण कितव्या तासाला बाद झालो, याची नोंद काढावी. सुरुवातीच्या पातळ्यांत, म्हणजे ब्लाइंड लहान असताना, क्वचित बाद होणारा आणि रात्री अकरानंतर सारखा बाद होणारा खेळाडू असेल, तर दोष पत्त्यांत शोधण्याआधी झोपेत शोधावा. उपाय सरळ आहे: एक दिवस आधी पोचावे, खेळाच्या दिवशी दारू पूर्ण टाळावी, आणि एका फेरीत चारऐवजी दोनच स्पर्धा खेळाव्यात.

तिसरी तपासणी: पैसा किती आणि कुठला

आता वही हवी. आडतीवर असतो तसा रोजचा जमाखर्च लिहावा आणि त्यात फक्त बाय-इन न लिहिता प्रत्येक री-एंट्री, प्रवास, लॉज, जेवण आणि टिप हे सगळे लिहावे. दहा हजारांच्या स्पर्धेसाठी निघालेल्या माणसाचा प्रत्यक्ष खर्च दोन री-एंट्र्या आणि प्रवास धरून चाळीस हजारांकडे सरकतो, आणि तरीही तो मनात आपण दहा हजारच हरलो असे धरून चालतो. शिवाय बाय-इनमधला एक भाग आयोजकाचा असतो. दहा हजारांतले हजार रुपये शुल्क म्हणून कापले गेले, तर बक्षिसात नऊच जातात, आणि प्रत्येक री-एंट्रीला ते हजार पुन्हा जातात.

कराचा विचार तर फारच थोडे जण करतात. अशा बक्षिसांवर सरसकट ३० टक्के, उपकर धरून ३१.२ टक्के कर लागतो आणि त्यातून वर्षभरात हरलेल्या बाय-इनची वजावट मिळत नाही. वर्षात २,००,००० रुपये जिंकले आणि १,८०,००० रुपये बाय-इनमध्ये गेले, तर वहीत २०,००० रुपयांचा नफा दिसतो. कर मात्र ६२,४०० रुपये होतो आणि वर्ष ४२,४०० रुपयांच्या तोट्यात जाते. पत्त्यांनी काहीही वाईट केलेले नसताना हा खेळाडू हरतो आहे. असा हिशेब निघाला तर चार्टर्ड अकाउंटंटला एकदा वही दाखवावी आणि मग खेळत राहावे की नाही ते ठरवावे.

बँकरोलचा साधा नियम असा आहे की टूर्नामेंट खेळणाऱ्याकडे केवळ या खेळासाठी बाजूला ठेवलेले किमान १०० बाय-इन असावेत, कारण वर सांगितलेल्या वीस-तीसच्या कोऱ्या रांगा त्यातूनच सोसायच्या असतात. दहा हजारांच्या बाय-इनला याचा अर्थ दहा लाख होतो. हा आकडा ऐकून माणसे दचकतात, आणि ते योग्यच आहे. एवढी रक्कम नसेल तर स्वतःला व्यावसायिक खेळाडू समजू नये. छंदाचा वर्षाचा खर्च ठरवावा, तो संपला की त्या वर्षाचा खेळ संपला असे मानावे, आणि कमी बाय-इनच्या, कमी खेळाडूंच्या स्पर्धा निवडाव्यात. खेळाडूंची संख्या जितकी मोठी तितकी कोरी रांग लांब, आणि ब्लाइंड जितक्या झपाट्याने वाढतील तितका कौशल्याला वाव कमी, एवढे लक्षात ठेवले तरी निवड सोपी होते.

रकमेइतकाच महत्त्वाचा प्रश्न तिच्या उगमाचा आहे. सोयाबीनच्या पट्टीतून आलेला, भिशीत लागलेला, मुलाच्या लातूरच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेला किंवा पीककर्जाचा पैसा टेबलावर असेल, तर तो माणूस नीट खेळूच शकत नाही. जो पैसा हरणे परवडत नाही, त्याच्या भीतीने योग्य ऑल-इन टाळला जातो आणि चुकीचा कॉल केला जातो. हे आढळले तर पुढे पत्त्यांची तपासणी करत बसू नये. थेट शेवटच्या भागाकडे जावे.

चौथी तपासणी: पावती फाडायला किती मिनिटे लागली

चिडून खेळण्याला टेबलावर टिल्ट म्हणतात, आणि चिडलेल्या माणसाला विचारले तर तो आपण शांत आहोत असेच सांगतो. म्हणून विचारण्यापेक्षा मोजणे बरे. बाद झाल्यापासून री-एंट्रीचे पैसे भरेपर्यंत किती वेळ गेला, ते वहीत लिहावे. अनेक वह्या पाहून माझे मत असे झाले आहे की पाच मिनिटांच्या आत घेतलेल्या री-एंट्र्यांचे निकाल बहुधा पहिल्या एंट्रीपेक्षा वाईट असतात. री-एंट्री करायची की नाही हे स्पर्धा सुरू होण्याआधीच ठरवून लिहून ठेवावे, आणि करायचीच असेल तर बाहेर मांडवीच्या काठाने पंधरा मिनिटे चालून आल्यावरच काउंटरवर जावे.

पाचवी तपासणी: बाद झालेला प्रत्येक हात

इथे खेळातल्या दोषाचा शोध सुरू होतो, आणि याला वेळ लागतो. बाद झालेल्या शेवटच्या वीसेक हातांची नोंद हवी. एका खेळाडूच्या वहीतली अशी एक ओळ पाहा: ब्लाइंड २,०००–४,०००, माझा स्टॅक ३८,०००, माझ्याकडे बदामचा एक्का आणि किलवरचा नहला, समोर दहांची जोडी, बाद. पाने उघडली तेव्हा त्याची बाजू जेमतेम ३० टक्के होती, आणि त्याने समासात ‘चूक’ असे लिहून ठेवले होते.

परंतु या ओळीत दोन गोष्टी राहून गेल्या होत्या, आणि दोष त्यांच्यातच दिसतो. पहिला प्रश्न असा की आधी ऑल-इन कोण गेला. सगळ्यांनी फोल्ड केल्यावर (पाने टाकल्यावर) बटनावरून, म्हणजे ब्लाइंड भरणाऱ्या दोघांच्या लगेच आधीच्या जागेवरून, साडेनऊ बिग ब्लाइंडचा (बिग ब्लाइंड म्हणजे इथे ४,०००) स्टॅक एक्का-नहल्यावर आपणहून ढकलला असेल, तर तो योग्य डाव आहे, कारण उरलेले दोघे बहुतेक वेळा पाने टाकतात आणि ब्लाइंड आपल्याला मिळतात. समोर नेमकी दहांची जोडी असणे हा योग. सर्वांत आधी निर्णय घ्याव्या लागणाऱ्या सुरुवातीच्या जागेवरून कोणी ऑल-इन गेला आणि त्याला याच पानांवर कॉल केला असेल, तर मात्र तो दोष आहे. पाने तीच, टक्केवारी तीच, तरीही एक निर्णय बरोबर आणि दुसरा चूक. म्हणून नुसती टक्केवारी लिहून भागत नाही. आधी पैसे कोणी टाकले आणि कोणत्या जागेवरून टाकले, हे लिहायलाच हवे.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे: हा स्टॅक साडेनऊवर आला कसा? आजकाल बहुतेक स्पर्धांत बिग ब्लाइंडवाला सर्वांचा अँटी, म्हणजे प्रत्येक डावाची ठरलेली वर्गणी, भरतो. त्यामुळे टेबलाभोवतीच्या एका फेरीला स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि अँटी एक असे अडीच बिग ब्लाइंड काहीही न खेळता जातात. २० बिग ब्लाइंड घेऊन बसलेला माणूस चांगल्या पानांची वाट पाहत चार फेऱ्या थांबला, तर त्याच्याकडे १० उरतात, आणि मध्येच ब्लाइंड वाढले तर त्याहूनही कमी. सलग हार होत असलेले खेळाडू घाबरून नेमके हेच करतात. त्यांना वाटते की आपण दुर्दैवाने एक्का-नहल्यावर बाद झालो. प्रत्यक्षात ते तासभर आधी, २० ते १२ बिग ब्लाइंडच्या दरम्यान, बटनावरून आणि त्याच्या उजव्या जागेवरून चोरता येण्यासारखे ब्लाइंड सोडून देत बाद होत आलेले असतात. सर्वांत जास्त वेळा आढळणारा दोष मला विचाराल तर हाच आहे, आणि तो मोठ्या हातांच्या कहाण्यांत कधीच दिसत नाही.

सहावी तपासणी: बबलवरचे कॉल

ही तपासणी सर्वांत अवघड आहे, कारण इथे चिपा आणि रुपये यांचे प्रमाण एकसारखे राहत नाही. सोपे उदाहरण घेऊ. बक्षिसाची एकूण रक्कम १,००,००० रुपये आहे, पहिल्याला ५०,०००, दुसऱ्याला ३०,००० आणि तिसऱ्याला २०,००० मिळणार आहेत, आणि चार खेळाडू सारख्या स्टॅकचे उरले आहेत. प्रत्येकाच्या स्टॅकचे रुपयांतले मोल २५,००० आहे. एकाने ऑल-इन केले आणि तुम्ही कॉल करून जिंकलात, तर तुमच्या चिपा दुप्पट होतात. मोल मात्र दुप्पट होत नाही. चिपांवरून बक्षिसातला अपेक्षित वाटा काढणाऱ्या आयसीएम या सर्वमान्य पद्धतीने मांडले तर ते ३८,३३३ रुपये होते. म्हणजे साडेतेरा हजारांहून कमी मिळवण्यासाठी तुम्ही पंचवीस हजार पणाला लावता. ब्लाइंड हिशेबात धरले नाहीत तर असा कॉल फायद्याचा होण्यासाठी किमान ६५ टक्के वेळा जिंकायला हवे.

६५ टक्के हा आकडा किती मोठा आहे ते पाहा. समोरचा माणूस आंधळेपणाने कोणत्याही दोन पानांवर ऑल-इन जात आहे असे धरले, तरी वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा त्याच्याविरुद्ध सुमारे ६५ टक्केच जिंकतात. तो निवडून खेळत असेल तर एक्का-राजा टाकून देणे भाग आहे. ज्यांना एक्का-राजा टाकणे हा अपमान वाटतो, ते वर्षानुवर्षे बबलवर बाद होतात आणि नशिबाला दोष देतात. हे गणित टेबलावर बसून करायचे नसते. घरी दहा-बारा नमुने सोडवले की अंदाज बसतो, आणि त्यासाठी मोफत गणकयंत्रेही उपलब्ध आहेत. वही घेऊन आपल्यापेक्षा चांगल्या खेळाडूबरोबर बसता आले तर अधिकच उत्तम, मात्र त्याला फक्त हरलेले हात दाखवू नयेत, जिंकलेलेही दाखवावेत. एका वेळी एकच दोष दुरुस्त करावा, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळत नाही.

कुठे थांबावे आणि कोणाला गाठावे

पुढीलपैकी एकही गोष्ट खरी असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवून खेळ बंद करावा. घरच्यांपासून पैसे किंवा गोव्याच्या फेऱ्या लपवाव्या लागत आहेत. खेळण्यासाठी उसने किंवा व्याजाने पैसे घेतले आहेत. गेलेले भरून काढण्यासाठी बाय-इन वाढवले आहेत. थांबायचे ठरवूनही थांबता आलेले नाही. खेळले नाही तर चिडचिड होते, झोप लागत नाही. अशा वेळी चांगला शिक्षक किंवा चांगले गणित उपयोगाचे नसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराला दारू व इतर व्यसनांच्या गटात घेतले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्याला आजार मानते. त्यावर उपचार आहेत आणि ते मानसोपचारतज्ज्ञाकडे होतात.

शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. आयुष्य संपवावे असा विचार मनात येत असेल तर तो क्रमांक याच क्षणी लावावा आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून घ्यावे. प्रत्यक्ष भेटीसाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, तसेच लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी.

कर्जाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. बँकेचे कर्ज असेल तर हप्ते थकण्याआधी शाखेत जाऊन बोलावे. खासगी सावकाराचे असेल तर आधी त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहावे, कारण महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. कोऱ्या धनादेशावर किंवा जमिनीच्या खरेदीखतावर सही करून दिली असेल तर ते लपवू नये, कारण बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद या कायद्यात आहे. डॉक्टरकडे आणि निबंधकांच्या कार्यालयात जाताना तिसऱ्या तपासणीत लिहिलेली वही बरोबर न्यावी. किती गेले, कधी गेले आणि कुणाकडून आणले, हे दोन्हीकडे सर्वांत आधी विचारले जाते.